जड ट्रकचा गिअरबॉक्स: नव्या चालकाने मॅन्युअल शिकावा की ऑटोमॅटिक?

उत्तर आधीच देऊन टाकतो. शक्य असेल तर परीक्षा मॅन्युअल गिअरच्या ट्रकवर द्या आणि कामाचे पहिले काही महिने ऑटोमॅटिकवर काढा. ऐकायला हे उलटं वाटतं, पण त्याला कारणं आहेत. ती एकदा समजली की समोर कुठलाही गिअरबॉक्स आला तरी बिचकायला होत नाही. ऑटोमॅटिक तुमच्या डाव्या पायाचं आणि गिअरवरच्या हाताचं काम काढून घेतो. पुढच्या वळणापलीकडे उतार किती तीव्र आहे, रस्ता ओला आहे का, मागचा माल कसा बांधलाय, हे ठरवायचं काम मात्र तुमच्याकडेच राहतं. नव्या चालकांची चूक होते ती नेमकी इथे: पाय मोकळा झाला म्हणून डोकंही मोकळं झालं, असं त्यांना वाटतं.

एवढे गिअर लागतात कशाला?

कारला पाच-सहा गिअर पुरतात, मग ट्रकला दहा, बारा, सोळा, अठरा का? कारण जड डिझेल इंजिनाचा कामाचा पट्टा अरुंद असतो. उभ्या गाडीत ते साधारण ६०० आरपीएमवर (मिनिटाला ६०० फेरे) फिरतं, खरी ओढ मिळते ती ढोबळमानाने १००० ते १५०० च्या दरम्यान, आणि २१०० च्या आसपास बहुतेक इंजिनांची मर्यादा येते. कारचं पेट्रोल इंजिन याच्या तिप्पट पट्ट्यात आरामात काम करतं. ट्रकला तर चाळीस टन ओझं जागेवरून हलवायचं असतं आणि तेच ओझं महामार्गाच्या वेगानेही न्यायचं असतं. म्हणून गिअरच्या पायऱ्या जवळजवळ ठेवाव्या लागतात.

आकड्यांत पाहा. दहा गिअरच्या सर्वसाधारण गिअरबॉक्समध्ये दोन गिअरांमधलं अंतर साधारण ३५ टक्क्यांचं असतं. म्हणजे १५०० आरपीएमला गिअर बदलला की इंजिन वरच्या गिअरमध्ये ११०० च्या आसपास येतं. हा ४०० आरपीएमचा फरक लक्षात ठेवा, मॅन्युअल शिकताना सारं काही याच्याभोवती फिरतं. बारा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये पायऱ्या आणखी जवळ असतात. व्होल्वोच्या आय-शिफ्टच्या एका प्रचलित प्रकारात पहिल्या गिअरचं गुणोत्तर १४.९४ आणि बाराव्याचं १.०० आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे जवळपास पंधरा फेरे झाले की गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा एक फेरा होतो. ओझं हलतं ते या जोरावर.

गिअर हाताने बदला किंवा यंत्राने, हेतू एकच: इंजिन त्याच्या पट्ट्यात ठेवणं.

केबिनमध्ये बसल्यावर आधी गिअरबॉक्स ओळखा

सगळ्याच ‘ऑटोमॅटिक’ ट्रकांच्या पोटात एकसारखं यंत्र नसतं. चार प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण प्रत्येकाची खोड वेगळी आहे.

पहिला, सिंक्रोनायझर (दातांचे वेग आपोआप जुळवणाऱ्या कड्या) नसलेला मॅन्युअल. ईटन फुलरचे रोडरेंजर या घराण्यातले. यात दातांचे वेग जुळवायचं काम चालकाचं असतं, म्हणून डबल क्लच, म्हणजे एका बदलाला दोनदा क्लच, लागतो. लिव्हरच्या मुठीवर रेंजचा (गिअरांचा खालचा किंवा वरचा संच निवडणारा) खटका असतो आणि तेरा-अठरा गिअरवाल्यांना स्प्लिटरचं (एका गिअरचे दोन भाग करणारं) बटणही असतं. दहा गिअरचा हिशेब सोपा आहे: पाच खालच्या रेंजमध्ये, पुन्हा तीच पाच ठिकाणं वरच्या रेंजमध्ये.

दुसरा, सिंक्रोनायझर असलेला मॅन्युअल. झेडएफसारख्या कंपन्यांचे सोळा गिअरवाले बॉक्स या प्रकारचे. चार मूळ गिअर, त्याला दोन रेंज, प्रत्येकाचे स्प्लिटरने दोन भाग, असे सोळा. क्लच एकदाच दाबावा लागतो, वेग जुळवायचं काम आतल्या कड्या करतात. तरीही लिव्हर दामटून गिअर टाकलात तर त्या कड्या झिजतात.

तिसरा प्रकार म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल, ज्याला कामावर सगळे एएमटी म्हणतात. लांब पल्ल्याच्या नव्या ट्रकमध्ये आज बहुतेक वेळा हाच भेटेल. व्होल्वोने आय-शिफ्ट २००१ मध्ये आणला. स्कॅनियाचा ऑप्टिक्रूझ, डेट्रॉइटचा डीटी१२ आणि ईटन कमिन्सचा एन्ड्युरंट हेही याच जातीचे. आत दातांची चाकं आणि कोरडा क्लच मॅन्युअलसारखाच असतो. फरक इतकाच की क्लच आणि गिअर संगणकाच्या हुकमावर हलतात. हे डोक्यात पक्कं बसवा: एएमटीला क्लचचं पेडल नाही, पण क्लच आहे, आणि तो जळू शकतो.

चौथा, टॉर्क कन्व्हर्टरवाला खरा ऑटोमॅटिक. ॲलिसनचं नाव इथे सर्वांत जास्त ऐकू येतं. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, ताकद तेलातून पुढे जाते. गाडी मऊपणे सुटते, मुंगीच्या पावलाने सरकवता येते. म्हणूनच कचऱ्याच्या गाड्या, अग्निशमन बंब, शहरातल्या बस अशा सतत थांबणाऱ्या-निघणाऱ्या वाहनांत तो जास्त दिसतो.

ओळखायचं कसं? तीन पेडल असतील तर मॅन्युअल. दोन असतील तर पहिल्या दिवशीच विचारून घ्या की हा एएमटी आहे की कन्व्हर्टरवाला. चढावर चूक झाली तर दोघांची सहनशक्ती वेगळी असते, त्याचं कारण पुढे येईल.

परवान्याचा मुद्दा परीक्षेआधी तपासा

बऱ्याच देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवान्यावर तशी नोंद होते आणि मॅन्युअल ट्रक चालवायला बंदी येते. अमेरिकेत व्यावसायिक परवान्यावर ‘ई’ हा निर्बंध पडतो. युरोपीय संघात ७८ हा संकेतांक लागतो, मात्र तुमच्याकडे आधीच दुसऱ्या प्रकारच्या वाहनाचा मॅन्युअल परवाना असेल तर काही देश ही अट लावत नाहीत. तुमच्या परवाना कार्यालयात नियम काय आहे ते शिकवणीची फी भरण्याआधी विचारा, नंतर नव्हे. निर्बंध पडणार असेल आणि मॅन्युअल ट्रक शिकवणारी संस्था मिळत असेल, तर मॅन्युअलवरच परीक्षा द्या. जुन्या गाड्या, खाणी, बांधकाम, लाकूडवाहतूक यांत मॅन्युअल अजून भरपूर आहे. पहिली नोकरी शोधताना निम्मी दारं स्वतःहून बंद करण्यात शहाणपण नाही.

निर्बंध पडत नसेल तर मॅन्युअलचा हट्ट धरू नका. गिअर हाताने बदलणारा तोच खरा ड्रायव्हर, असं सांगणारे भेटतील. त्यांच्याकडून गिअर जरूर शिका, हा गर्व घेऊ नका.

मॅन्युअल: पायरीपायरीने

मोकळ्या मैदानावर, जमलं तर रिकाम्या गाडीवर सुरुवात करा. पुढच्या पायऱ्या सिंक्रोनायझर नसलेल्या बॉक्सच्या आहेत. तो जमला की दुसरा आपोआप जमतो.

१. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर हाताने फिरवून पाहा. पॅटर्न लिव्हरच्या मुठीवर किंवा सनशेडवर छापलेला असतो. डोळे रस्त्यावर ठेवून हाताला जागा सापडली पाहिजे. इथे घालवलेला अर्धा तास पुढचे कित्येक तास वाचवतो.

२. इंजिन सुरू करा आणि गाडीच्या टाक्यांत हवेचा दाब भरू द्या. रेंज आणि स्प्लिटर हवेवर चालतात, दाब कमी असताना त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

३. जागेवरून निघताना क्लच पूर्ण तळापर्यंत दाबा. शेवटच्या साधारण अडीच सेंटिमीटरमध्ये क्लच ब्रेक लागतो आणि गिअरबॉक्समधला फिरता शाफ्ट थांबवतो, म्हणून पहिला गिअर खरखर न होता पडतो. दात समोरासमोर अडले आणि गिअर पडेना, तर जोर लावू नका. पेडल अगदी हळू वर येऊ द्या, दात सरकतील आणि गिअर आपसूक आत जाईल. गाडी धावत असताना पेडल तळापर्यंत कधीच दाबायचं नाही. तेव्हा क्लच ब्रेक लागला तर तो झिजून फुकट जातो. चालत्या गाडीत पेडल फक्त क्लच सुटेपर्यंत, म्हणजे थोडंसंच दाबायचं.

४. ॲक्सिलरेटर न देता क्लच सावकाश सोडा. डिझेलला खालच्या गिअरमध्ये इतकी ओढ असते की सपाट रस्त्यावर भरलेली गाडीही नुसत्या आयडलवर निघते. निघताना रेस देणं ही कारमधून आलेली सवय आहे. ती पहिल्याच आठवड्यात मोडा.

५. वरचा गिअर: ठरलेल्या आरपीएमला या, ॲक्सिलरेटर सोडा, क्लच थोडा दाबा, लिव्हर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा. आता थांबा. इंजिन साधारण ४०० आरपीएम खाली येऊ द्या. पुन्हा क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा, मग रेस द्या. शिकणारा चुकतो तो ‘आता थांबा’ या जागी. घाईत तो लिव्हर आधीच ढकलतो आणि दात करकरतात. आकड्याकडे पाहत बसू नका. इंजिनाचा आवाज कुठपर्यंत खाली येतो ते कानाला शिकवा.

६. खालचा गिअर: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडा, आता रेस देऊन इंजिन ४०० च्या आसपास वर न्या, पुन्हा क्लच, गिअर, क्लच सोडा. वर जाताना इंजिन पडू द्यायचं, खाली येताना चढवायचं. बहुतेकांना खाली येणं जास्त अवघड जातं, कारण त्याच वेळी ब्रेक, वळण आणि मागची वाहनंही सांभाळायची असतात. म्हणून वेग आधी ब्रेकने कमी करा, मग गिअर घ्या. दोन्ही एकाच वेळी करायला जाऊ नका.

७. रेंज बदलायची असेल तर लिव्हर अजून गिअरमध्ये असतानाच खटका फिरवून ठेवा. लिव्हर न्यूट्रलमधून जाताना रेंज आपोआप बदलते. न्यूट्रलमध्ये गेल्यावर खटका फिरवला तर लिव्हर पुढे जाईपर्यंत रेंज पुरी बदललेली नसते आणि गिअर अडतो.

८. सगळे गिअर एकाच आरपीएमला बदलू नका. खालचे गिअर लवकर, १२०० च्या आसपास सोडा, वरचे जरा जास्त आरपीएमला. इंधन वाचतं आणि चढावर ओढही टिकते. गाडी रिकामी असेल तर मधले गिअर गाळता येतात.

गिअर चुकला आणि न्यूट्रलमध्येच अडकलात तर? घाबरून लिव्हर इकडेतिकडे मारू नका. गाडीचा वेग पाहा, त्या वेगाला कुठला गिअर बसतो ते आठवा, आरपीएम तिथे न्या आणि तोच गिअर टाका. कुठल्या वेगाला कुठला गिअर हे तोंडपाठ असेल तरच हे जमतं. त्याची यादी पहिल्याच आठवड्यात पाठ करा. यादी आठवेना तर, रस्ता सपाट असल्यास, ब्रेक लावून बाजूला थांबा आणि पुन्हा पहिल्यापासून निघा.

क्लच न वापरता, फक्त आरपीएम जुळवून गिअर बदलणारे जुने चालक दिसतील. हाताला सवय झाली की ते जमतं, पण परीक्षेत साधारणपणे चालत नाही आणि नवशिक्याच्या हाती दातांचं नुकसान होतं. तो नाद सध्या नको.

दोन नियम वेगळे सांगतो. रेल्वे फाटक ओलांडताना गिअर बदलू नका, रुळांवर गाडी न्यूट्रलमध्ये अडकणं जिवावर बेतू शकतं. आणि वळणात शिरण्याआधी गिअर घेऊन ठेवा, वळणाच्या मध्यावर नाही.

ऑटोमॅटिक: पेडल कमी, निर्णय तेवढेच

सुरू करताना किल्ली फिरवून डॅशबोर्डवरचे दिवे स्थिरावू द्या, यंत्रणा स्वतःची तपासणी करत असते. सिलेक्टर न्यूट्रलवर, पाय ब्रेकवर, मग इंजिन सुरू करा. हवा भरली की ड्राइव्ह निवडा. बहुतेक एएमटी ओझं आणि चढ यांचा अंदाज घेऊन निघायचा गिअर स्वतः ठरवतात, म्हणून रिकामी गाडी तिसऱ्या-चौथ्यात निघाली तर काही बिघडलं असं समजू नका.

थांबताना अधिक काळजी घ्या. कारच्या ऑटोमॅटिकमध्ये ‘पी’ (पार्क) असतो. बहुतेक जड ट्रकमध्ये तो नसतो, आणि गाडी उभी राहते ती फक्त पार्किंग ब्रेकवर. क्रम असा: पूर्ण थांबा, पार्किंग ब्रेक ओढा, न्यूट्रल करा, पाय ब्रेकवरून अलगद उचलून गाडी हलत नाही ना ते पाहा, मगच इंजिन बंद करा. ब्रेक न ओढता खाली उतरणं ही ऑटोमॅटिक चालवणाऱ्याच्या हातून होणारी सर्वांत घातक चूक आहे. मॅन्युअलवाल्याला क्लच आणि लिव्हर हाताळताना थांबण्याचा एक क्रम अंगवळणी पडतो. ऑटोमॅटिकवाल्याला तो मुद्दाम अंगी बाणवावा लागतो.

आता क्लच जळण्याचा मुद्दा. चढावर सिग्नलला थांबलात आणि ब्रेकऐवजी हलका ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरली, तर एएमटीचा कोरडा क्लच सतत घसरत राहतो. काही सेकंदांत तो तापतो, डॅशबोर्डवर इशारा येतो, आणि तरी ऐकलं नाही तर जळका वास येतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये घसरणं तेलात होतं, त्यामुळे तो हे थोडा वेळ सहन करतो, पण तेल तापतंच. थांबायचं तर ब्रेकवर थांबा, हा नियम दोघांनाही लागू.

वाहतूक मुंगीच्या गतीने सरकत असेल तर पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून हातभर हातभर सरकू नका. पुढे थोडी मोकळी जागा होऊ द्या आणि मग क्लच पूर्ण लागेल इतकं अंतर एका दमात चाला. पाठीमागचे हॉर्न वाजवतील. क्लचचं बिल त्यांच्या नावावर निघत नाही.

चढावर निघताना ब्रेक सोडणं आणि क्लच लागणं यांत क्षणभराचं अंतर पडतं, तेवढ्यात गाडी मागे येते. हिल-होल्ड असेल तर तो ब्रेक दोन-तीन सेकंद धरून ठेवतो. त्या वेळात ॲक्सिलरेटर ठामपणे द्या. नसेल तर पार्किंग ब्रेकवर थांबा, ॲक्सिलरेटर द्या, गाडी ओढ घेते आहे असं जाणवलं की ब्रेक सोडा. मॅन्युअलमध्येही पद्धत तीच, फक्त ओढ क्लचच्या पेडलखाली जाणवते.

मालधक्क्याला गाडी मागे लावताना नवे चालक एएमटीवर वैतागतात. पाय किंचित दाबला तर काहीच होत नाही, आणखी दाबला तर गाडी झटक्यात सरकते. उपाय असा: सर्वांत खालचा रिव्हर्स निवडा, हळू हालचालीचा वेगळा मोड असेल तर तो लावा, ॲक्सिलरेटर स्थिर ठेवा आणि वेगाचं नियंत्रण ब्रेकने करा. शेवटच्या हातभर अंतरात पाय ब्रेकवरच हवा.

चिखल, वाळू किंवा मऊ जमिनीवर मॅन्युअल मोड लावून एकच गिअर धरून ठेवा. नाहीतर ऐन वेळी यंत्र गिअर बदलतं, त्या क्षणात ओढ तुटते आणि चाकं रुततात. डिफरन्शिअल लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी सोय) गरज पडण्याआधी, गाडी थांबलेली किंवा अगदी सावकाश असताना लावा, आणि पक्का रस्ता आला की आठवणीने काढा.

उतार: इथे गिअर ब्रेकइतकाच महत्त्वाचा

या लेखातलं बाकी सारं विसरलात तरी हा भाग विसरू नका.

४० टनांचा ट्रक, ६ टक्क्यांचा उतार, म्हणजे दर १०० मीटरला ६ मीटर खाली, आणि लांबी ५ किलोमीटर. एकूण ३०० मीटर उंची उतरायची आहे. ताशी ६० किलोमीटरने उतरलात तर पाच मिनिटं लागतील, आणि त्या पाच मिनिटांत सतत सुमारे ३९० किलोवॅट ताकद कुठेतरी जिरवावी लागेल. ५०० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या पूर्ण ताकदीपेक्षाही ती जास्त आहे. काही भाग हवा आणि टायर खातात, उरलेला इंजिन ब्रेक (इंजिनाच्याच रोधाने गाडी मंद करणारी सोय), रिटार्डर (चाकांच्या ब्रेकशिवाय गाडी मंद करणारं वेगळं यंत्र) आणि चाकांच्या ब्रेकवर येतो. तोच उतार ताशी ३० ने उतरलात तर दर सेकंदाची उष्णता निम्मी होते, १९५ किलोवॅट. आता तेवढं बरंचसं ओझं इंजिन ब्रेक एकटा पेलू शकतो आणि चाकांचे ब्रेक थंड राहतात.

चाकांचे ब्रेक सतत दाबून धरले की ड्रम तापून फुगतो, लाइनरपासून (ड्रमला घासणाऱ्या पट्टीपासून) दूर जातो, तेवढ्याच दाबाला पकड कमी पडते. लाइनरची घर्षणाची ताकदही उष्णतेने घटते. चालक आणखी दाबतो, ड्रम आणखी तापतो. शेवटी पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा:

उतार सुरू होण्याच्या आधी, माथ्यावरच, वेग कमी करा आणि गिअर घ्या. मॅन्युअलवर हे जिवावरचं आहे: उतारावर वेग वाढल्यानंतर खालचा गिअर घ्यायला गेलात तर तो पडणार नाही, आणि सोडलेला गिअरही परत मिळणार नाही. भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये धावत राहील. एएमटी अशा वेळी खालचा गिअर द्यायचं नाकारतो, कारण इंजिन मर्यादेपलीकडे फिरेल; परिणाम जवळपास तोच.

कुठला गिअर? चढताना जो लागला त्याच गिअरने उतरा, असं जुने लोक सांगत. आजच्या ट्रकचे आकार हवा कापणारे आहेत, टायर आणि इंजिनातलं घर्षण कमी आहे आणि इंजिनं ताकदवान. त्यामुळे आज उतरताना चढण्यापेक्षाही खालचा गिअर लागू शकतो. शंका असेल तर एक गिअर आणखी खाली घ्या. सावकाश उतरण्याने मिनिटं जातात, बाकी काही जात नाही.

एएमटीवर मॅन्युअल मोड लावा किंवा इंजिन ब्रेक पूर्ण टप्प्यावर ठेवा. बऱ्याच एएमटीत इंजिन ब्रेक पूर्ण लावला की यंत्र स्वतः गिअर खाली आणून आरपीएम वाढवतं. कारण इंजिन ब्रेक गाडी रोखतो तो जास्त आरपीएमला, साधारण १८०० च्या पुढे. ११०० ला त्याची धार बोथट असते. ओझं ओढताना आरपीएम कमी ठेवायचं असतं, हे त्याच्या नेमकं उलट आहे, आणि नव्या चालकाला इंजिन ओरडतंय म्हणून भीती वाटते. लाल पट्ट्याखाली असेल तर ओरडू द्या. यंत्र स्वतःहून वरचा गिअर घेताना दिसलं तर गिअर हाताने धरा. हलक्या उतारावर इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रल करणारी सोय काही ट्रकांत असते. तीव्र उतारावर ती बंद आहे ना, खात्री करा. नकाशा वाचून पुढचा चढ-उतार ओळखणारा क्रूझ कंट्रोलही आता मिळतो आणि महामार्गावर तो छान काम करतो, पण ओल्या घाटात त्याच्यावर विसंबू नका.

एवढं करूनही वेग ठरलेल्या मर्यादेवर आला तर ब्रेक ठामपणे लावा, वेग ताशी आठ-दहा किलोमीटरने खाली आणा, साधारण तीन सेकंदांत, आणि पूर्ण सोडा. वेग पुन्हा वाढला की पुन्हा तेच. हलका पाय सतत ठेवून उतरू नका.

रस्ता निसरडा आणि गाडी रिकामी असेल तर मात्र इंजिन ब्रेक हात राखून वापरा किंवा बंद ठेवा. तो फक्त इंजिनाला जोडलेल्या चाकांवर काम करतो. ती घसरली तर ट्रेलर पुढे रेटतो आणि गाडी मध्यातून दुमडते. वेग आधीच कमी ठेवणं हाच इथला उपाय.

आणि ब्रेकची पकड गेलीच तर गिअरशी झटापट करत वेळ घालवू नका. सुटलेल्या गाड्यांसाठी रस्त्याकडेला केलेला वाळू-खडीचा बचाव-मार्ग दिसला की त्यात घाला. गाडी अडकेल, माणसं वाचतील.

मग पहिले महिने ऑटोमॅटिकवर का?

कारण नव्या चालकाचं लक्ष मोजकं असतं. ट्रेलरचा मागचा भाग वळणात किती आत येतो, डावीकडचा आंधळा कोपरा, पुढचं अंतर, उंचीच्या मर्यादा, हे सगळं एकदम शिकायचं असतं. गिअरचं काम यंत्राने घेतलं की ते लक्ष आरशांकडे जातं. चढ-उताराचं गणित मॅन्युअलवर शिकलेलं असल्याने यंत्र काय करतंय आणि का, हेही कळतं. इंधनाच्या बाबतीत मुरलेला चालक मॅन्युअलवर एएमटीची बरोबरी करू शकतो, पण नवा चालक करू शकत नाही. यंत्र दोघांना जवळजवळ सारखंच चालवतं.

काम शहरातल्या थांब्यांचं असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, लांब पल्ल्याला एएमटी. खाण आणि जंगलात अनुभवी लोक अजून मॅन्युअल मागतात, तरी अतिसावकाश गिअर असलेले एएमटी तिथेही पोहोचले आहेत. इलेक्ट्रिक ट्रकनेही गिअर पूर्णपणे सोडलेले नाहीत, व्होल्वोच्या एफएच इलेक्ट्रिकमध्ये आय-शिफ्टच आहे.

बिघाडाची पहिली चिन्हं

मॅन्युअलमध्ये क्लचच्या पेडलचा मोकळा खेळ रोज पायाने तपासा. खेळ कमी होत गेला म्हणजे क्लच झिजतोय. चढावर आरपीएम वाढतं आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. थांबलेल्या गाडीत पहिला गिअर रोजच खरखरू लागला तर क्लच ब्रेक दाखवा. आणि लिव्हरवर हात टेकवून चालवू नका, आतले फोर्क (गिअर सरकवणारे काटे) विनाकारण झिजतात.

एएमटी गिअर घेईना तर गिअरबॉक्सच गेला असं लगेच ठरवू नका. आधी हवेचा दाब आणि बॅटरीचा व्होल्टेज पाहा. थंडीतल्या कमजोर बॅटरीनेही यंत्र अडून बसतं. गाडी सुरक्षित जागी उभी करून इंजिन बंद करा, थोडा वेळ थांबा, पुन्हा सुरू करा. गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रखडत चालली तर ती स्वतःला वाचवतेय. तशीच लांब नेऊ नका.

मेकॅनिकला फोन करण्याआधी डॅशबोर्डवरचा कोड, तेव्हाचा गिअर, वेग, ओझं, चढ होता की सपाट, आणि इंजिन गार होतं की तापलेलं, हे कागदावर लिहून ठेवा. ‘गिअर पडत नाही’ एवढ्या एका वाक्यावर तो अर्धा दिवस शोधत बसतो. एवढी माहिती हातात असेल तर कुठला पार्ट बरोबर घ्यायचा याचा अंदाज त्याला निघतानाच येतो.